दक्षिणा कुणाची, भीक कुणाची?

‘रस्ता’ हा शब्द आपल्या कवितेत इतका वापरला गेला आहे की त्याच्या कडा आता झिजल्या आहेत. मोर्चाचा रस्ता, नामांतराचा रस्ता, उजेडाकडे जाणारा रस्ता. गावकुसाबाहेरून निघून मुंबईच्या झोपडपट्टीत पोहोचणारा रस्ता तर आपल्या प्रत्येक आत्मकथनात आहे. परंतु रस्ता हेच ज्यांचे घर, आणि धर्म सांगणे हाच ज्यांचा धंदा, अशा बिऱ्हाडाकडे आपल्या समीक्षेने फारसे पाहिलेले नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे घरे असलेले लोक मोठ्या मौजेने म्हणतात. त्या पाठीवर काय काय असते, पोथी असते की कुडमुडे, आणि चूल कोण वाहते, हे विचारण्याची त्यांना गरज पडत नाही. आपल्याला मात्र पडली पाहिजे.

धर्म सांगत फिरणाऱ्या बिऱ्हाडाचे माझ्या वाचनातील सर्वांत तपशीलवार चित्रण एका ब्राह्मण घरात जन्मलेल्या बाईने केले आहे, आणि तेही इंग्रजीतून. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेली आपली साक्ष हे ते लेखन. आपल्या वर्तुळात ते वाचले जात नाही याची दोन कारणे सांगितली जातात. एक, रमाबाई चित्पावन. दोन, ते धर्मांतरिताचे निवेदन आहे, म्हणजे मिशनच्या कामाचे लेखन आहे. दोन्ही आक्षेपांत तथ्य नाही असे मी म्हणत नाही. परंतु एखादे पुस्तक कुणाच्या कामाचे आहे हे लिहिणारा ठरवतो, तसे वाचणाराही ठरवतो. माझे म्हणणे असे की, फिरत्या पुराणिकाच्या धंद्याचा आतला हिशेब ज्याला समजून घ्यायचा आहे त्याने हे पुस्तक आपल्याच कामाचे म्हणून वाचावे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना त्यांच्या जातीत विरोध सोसावा लागला. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब डोंगर उतरले ते कायमचे. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटीत घालून नोकराच्या डोक्यावर दिले आणि तीर्थयात्रा सुरू झाली. त्यानंतर या कुटुंबाला घर असे राहिलेच नाही. एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्री जायचे, देवळाच्या मंडपात, झाडाखाली किंवा नदीच्या घाटावर बसायचे, आणि पुराण वाचायचे.

या वाचण्याचे वर्णन रमाबाईंनी ज्या कोरडेपणाने केले आहे तो पाहण्यासारखा आहे. पुराणिक मोठ्याने, सुरावर संस्कृत वाचतो. ऐकणाऱ्याला ते कळत नाही. अर्थ सांगण्याची सक्ती पुराणिकावर नाही. मनात आले तर सांगेल, नाही तर नाही. सांगितलाच तर लोक जमावेत म्हणून त्यात हवे तेवढे तिखटमीठ घालण्याला मोकळीक आहे, ते पाप नव्हे. लोक येतात, क्षणभर बसतात, पोथीला आणि पुराणिकाला नमस्कार करतात, फूल, फळ, वस्त्र, पैसा ठेवतात, निघून जातात. पुराणिक मान वर करून पाहतही नाही. देणाऱ्याला पुण्य लागते, घेणाऱ्याला दोष लागत नाही, आणि जो ऐकूनही काही देत नाही त्याचे गाठीचे पुण्य जाते.

हा हिशेब सावकाराच्या वहीपेक्षा पक्का आहे. सावकाराला निदान काही द्यावे तरी लागते. येथे न कळणारा आवाज दिला जातो आणि धान्य घेतले जाते; आणि या व्यवहारात ऋणी कोण, तर धान्य देणारा! ब्राह्मणी धर्मव्यवस्थेवर आपण पुष्कळ लिहिले. त्या व्यवस्थेचा रोजचा गल्ला कसा चाले, याचे असे उघडे वर्णन गल्ल्यावर बसलेल्या घरातल्या मुलीकडून यावे, ही साधी गोष्ट नाही.

पुढे दुष्काळ येतो. १८७४ ते १८७७ चा तो काळ. मद्रास इलाख्यात माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. ऐकायला येणाऱ्यांच्याच घरात दाणा नाही, तेथे पोथीपुढे कोण ठेवणार? जवळ होते ते देवांना, व्रतांना आणि ब्राह्मणांना देऊन संपलेले. या घरातील प्रत्येकाला हजारो श्लोक पाठ होते. पोट भरण्याचे दुसरे कोणतेही काम येत नव्हते, आणि यायला हवे असे कुणी मानलेही नव्हते. मजुरी करणे जातीला शोभत नाही आणि भीक मागण्याची लाज वाटते. रानात पाला खाऊन दिवस काढल्यावर म्हातारे वडील जलसमाधी घ्यायला निघतात, एकेकाचा निरोप घेतात. तेव्हा भाऊ म्हणतो की मी जातीचा अभिमान सोडतो आणि मजुरीला जातो.

माझ्या मते हे वाक्य त्या साक्षीचे केंद्र आहे. मिशनच्या वाचकाला केंद्र पुढे, ख्रिस्ताच्या स्वीकारात दिसेल. मला ते येथे दिसते. ज्या समाजात कोट्यवधी माणसे जन्मतःच मजूर म्हणून जमेस धरली जातात, त्याच समाजात एका तरुणाला मजुरीचा विचार करण्यासाठी बाप मरायला निघावा लागतो. श्रमाची अप्रतिष्ठा म्हणजे काय, हे शिकवायला माझ्याकडे याहून चांगला उतारा नाही. वडील त्यानंतर लवकरच गेले, मग आई, मग मोठी बहीण. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसे पुरेनात, तेव्हा रमाबाईंनी एक बाजू धरली, आणि उंची कमी पडल्यामुळे ती डोक्यावर घेतली.

उरलेली दोन भावंडे चालत राहिली. त्यांच्या अंदाजाने चार हजार मैल, काश्मीरपर्यंत. थंडीला पांघरूण नाही म्हणून नदीकाठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून झोपली. याच भटकंतीत पोथीवरचा विश्वास उडत गेला. हिमालयातल्या एका सरोवरात सात डोंगर तरंगतात आणि पुण्यवंताकडे चालत येतात अशी ख्याती होती. पाण्यात उतरू नका, मगरी आहेत, असे पुजारी बजावत. भाऊ पहाटे पोहत गेला. डोंगर म्हणजे तराफ्यावर थापलेला चिखल आणि त्यात रोवलेली झाडे. मागून ढकलायला पुजारी! पुराण वाचणाऱ्याच्या मुलाने पुराणाची अशी तपासणी करावी, ही रस्त्याची करणी आहे. मठात बसलेल्या पंडिताला तो तराफा कधीच दिसला नसता.

इतके श्रेय दिल्यावर आता उणे सांगितले पाहिजे. वेताची पेटी ज्याच्या डोक्यावर होती तो नोकर पुढे या निवेदनात कुठेही नाही. मंडपात येऊन बसणारे श्रोते आहेत. मंडपात येण्याची ज्यांना बंदी होती ते नाहीत. हे कुटुंब ज्या क्षेत्री गेले तेथे त्याला मंडपाची सावली मिळाली, कारण जात सोबत होती. १८७८ मध्ये ही अनाथ भावंडे कलकत्त्याला पोहोचली तेव्हा तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ केले, तेही त्याच पाठांतराच्या जोरावर. भूक सारखीच असली तरी भुकेनंतरचे दार सारखे नसते. मात्र त्याच शहरात स्त्रियांपुढे धर्मशास्त्र सांगायचे म्हणून त्यांनी ग्रंथ उघडले, आणि सगळ्या ग्रंथांचे एकमत कशावर आहे ते त्यांना दिसले. स्त्री मग ती उंच जातीची असो की खालच्या, ती वाईटच. आणि शूद्राप्रमाणे तिलाही मोक्षाचा रस्ता बंद. त्यांनी धर्मांतर केल्यावर पुण्यामुंबईची शहाणी माणसे तुटून पडली, तेव्हा १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. जोतीरावांना जे दिसले ते आपल्याला दिसायला हरकत नसावी.

रमाबाईंच्या शेजारी मी ठेवतो ते पुस्तक दादासाहेब मोरे यांचे ‘गबाळ’. १९८३ साली आलेले हे आत्मकथन कुडमुडे जोशी समाजाचे आहे. घोड्यावर लादलेला संसार म्हणजे गबाळ. पाल ठोकायचे, गावात फिरून भविष्य सांगायचे, शुभ बोलायचे, मागायचे, पाल उचलायचे. दीपनगरच्या वसाहतीत माझे बालपण गेले. वडील वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होते. सुगी संपली की महामार्गाच्या कडेला अशी पालं पडत, आणि पहाटे जोशी दारात येऊन बोलू लागे. आई त्याला पसाभर ज्वारी घाली. तिच्या मनात त्याच्याविषयी भीती होती, थोडी करमणूक होती, आदर नव्हता. त्याच वसाहतीत सप्ताह बसला की कीर्तनकार बुवांना मोटारीने आणत आणि जाताना पाकीट देत. पाकिटाला मानधन म्हणत. माघात मुक्ताईनगरच्या यात्रेला निघालेल्या दिंड्या त्याच महामार्गाने जात. त्यांना चहा-फराळ देत, त्याला सेवा म्हणत. पसाभर ज्वारीला तेवढा एकच शब्द होता.

वास्तविक जोशाचा व्यवहार पुराणिकाच्या व्यवहाराहून वेगळा कसा? दोघेही आवाज देतात आणि धान्य घेतात. दोघांच्याही बोलण्याने ऐकणाऱ्याचे भले होते असा समज आहे. उलट जोशी निदान ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलतो, त्याच्या घरातल्या दुखण्याविषयी, मुलीच्या लग्नाविषयी बोलतो, आणि दारात उभा राहून बोलतो. पुराणिक बसून वाचतो आणि वर पाहत नाही. तरीही एकाची दक्षिणा आणि दुसऱ्याची भीक. हा फरक ज्ञानाचा नाही, श्रमाचाही नाही. तो पात्राच्या काठावर लिहिलेल्या जातीचा आहे.

आणि तो नुसता शब्दाचाही नाही. गुन्हेगार जमातींचा १८७१ सालचा कायदा १९५२ साली गेला. त्यानंतर सातच वर्षांनी, १९५९ साली, मुंबई राज्याने भीक प्रतिबंधक कायदा केला. त्यातील भीक या शब्दाची व्याख्या एकदा प्रत्येक साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचावी. सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून मागणे किंवा घेणे, हे सारे तिच्यात बसते. पोलिसाला वॉरंटाशिवाय पकडता येते, आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षे संस्थेत डांबता येते. म्हणजे लोककला म्हणून विद्यापीठात ज्याच्यावर प्रबंध लिहायचा, तेच रस्त्यावर करणाऱ्याला गाडीत घालायचे! हा कायदा दिल्लीपुरता तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बऱ्याच अंशी रद्द केला.

त्याच्या पाचच आठवडे आधी, १ जुलै २०१८ रोजी, आपल्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाड्याला काय झाले ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. तरी सांगतो, कारण विसरण्याची सवय लागली आहे. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आठवडे बाजाराच्या दिवशी गावात आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे भ्रमणध्वनीवरून पसरले होते. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि ठेचून मारले. पिढ्यान्‌पिढ्या नाथांचे नाव सांगत गावोगाव फिरणारा हा समाज. मारणारे गाव आदिवासी वस्तीचे, स्वतः पिढ्यान्‌पिढ्या नागवलेले. म्हणून या घटनेचा राग कुणावर धरायचा हेही सोपे नाही.

त्या आठवड्यात वर्गात मी ‘गबाळ’विषयी बोलत होतो. नाथपंथी घरातला एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला आणि म्हणाला, “सर, माझ्या आज्यानं गाणं सुरू केलं की गाव त्याला ओळखायचं. आता आधार कार्ड दाखवा म्हणतात.” मला वाटते, या दोन वाक्यांत एका संस्थेचा मृत्यू आहे. जोशी, गोसावी, वासुदेव, पोतराज यांना गाव हलके मानीत होते, पण ओळखत होते. त्यांचा वेश, वाद्य, यायची वेळ हेच त्यांचे ओळखपत्र होते. गावाने ती भाषा टाकून दिली आणि दुसरी कोणतीही दिली नाही. पुराणिकाची पोथी मात्र दूरदर्शन संचावर गेली, मंडपात गेली, आणि तिचे मानधन वाढत गेले.

येथे आपल्याही समीक्षेला एक शब्द सुनावला पाहिजे. भविष्यकथन ही अंधश्रद्धा आहे, जोशाने ती सोडली पाहिजे, हे बरोबरच आहे. मोरे यांचे शिक्षणासाठीचे धडपडणे हे तेच सांगते. परंतु काही परीक्षक या समाजांचा धंदा केवळ अंधश्रद्धेचा प्रसार म्हणून निकालात काढतात, आणि त्याच लेखणीने पुराणपरंपरेतील सौंदर्याविषयी हळवे होतात. अंधश्रद्धा मोजायचीच असेल तर एकाच मापाने मोजा.

रस्त्यावरचा तिसरा उपदेशक आपला आहे. आंबेडकरी जलसेकाराने पोथी टाकली, भविष्यही टाकले आणि लोकांना कळेल अशा भाषेत माणुसकीचा हिशेब मांडला. भीमराव कर्डकांच्या जलशाचे मोल बाबासाहेबांनी आपल्या सभांच्या पंगतीत लावले असे सांगितले जाते. वामनदादा कर्डक, १९२२ साली सिन्नरजवळच्या देशवंडीत जन्मलेले, २००४ साली जाईपर्यंत गावोगाव गात राहिले. या लोकांना मंडपाची सावली नव्हती. रस्ताही सरळ नव्हता. १९२९ साली खुद्द बाबासाहेब चाळीसगाव स्टेशनावर उतरले तेव्हा एकही टांगेवाला त्यांना बसवायला तयार नव्हता. वस्तीतल्या लोकांनी टांगा मिळवला, पण हाकायला त्यांच्यातलाच न सरावलेला माणूस. टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ज्या जिल्ह्यात नेत्याला टांगा मिळत नव्हता, तेथे पेटी-ढोलकी घेऊन निघालेल्या गायन पार्टीला काय मिळत असेल?

भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिले, म्हणून निदान मंचावरचे आपल्याला ठाऊक आहे. मंचामागचे बिऱ्हाड कुठे आहे? जुन्या जलशांत बाईची कामे पुरुषच करीत. पण बाई नव्हती असे नाही. ती चुलीपाशी होती. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहून चळवळीतील स्त्रियांना बोलते केले, हे फार मोठे काम झाले. तेथून पुढे गायकांच्या घरांपर्यंत कुणी गेले नाही. रमाबाईंना त्यांच्या आईने पंधराव्या वर्षापर्यंत शिकवले. रस्त्यावर, स्वयंपाक आणि सगळी कामे सांभाळून. ती आई आपल्याला माहीत आहे, कारण मुलगी लिहिती झाली. जलसेकाराच्या मुली आता लिहित्या आहेत, माझ्या वर्गात बसतात. त्यांनी आपल्या बापावर नव्हे, आपल्या आईवर लिहावे, असा माझा आग्रह असतो. बापावर गौरवांक निघतील.

भुसावळ-वरणगाव भागात माझ्या एका विद्यार्थिनीने जुन्या गायन पार्ट्यांच्या घरांतील स्त्रियांना भेटून वही भरली आहे. तिच्यातील एका वृद्धेने सांगितले की पेटीचा भाता फाटला तेव्हा तिने पायातली जोडवी मोडून तो दुरुस्त करून आणला. बिदागी मिळालीच तर ती सर्वांत वाटली जाई. पुष्कळदा जेवण हीच बिदागी. कधी ती मुलांसकट पार्टीबरोबर जाई. जिथे उतरत तिथल्या बायकांबरोबर पंधरा-वीस माणसांच्या भाकरी थापायच्या. नवऱ्याचा कार्यक्रम तिने पुरता असा एकदाही पाहिला नाही. शेवटचे गाणे तेवढे ऐकू येई, भांडी घासताना. तो कोणत्या चालीवर म्हणत असे, असे विद्यार्थिनीने विचारले. तिने चाल म्हणून दाखवली. शब्द तिला येत नव्हते.

अशा नोंदी आणखी कुणी केल्या असतील, विशेषतः मराठवाड्यात आणि वऱ्हाडात, तर त्यांनी त्या या त्रैमासिकाच्या पत्त्यावर पाठवाव्यात. अक्षर कसेही असले तरी चालेल.